बक्षिसी : दान की देणे?

मोठ्या व्यवहारात धर्माधर्माचा विचार करण्याची सवय पुष्कळांना असते. घर विकताना, मुलीचा विवाह ठरविताना, भावाभावांत वाटण्या होताना मनुष्य क्षणभर थबकतो, वडीलधाऱ्यांना विचारतो, आपल्या हातून कोणावर अन्याय तर होत नाही ना, असे स्वतःच्या मनाला पुसतो. परंतु दिवसातून दहा वेळा जे लहानसहान व्यवहार घडतात, त्यांच्याकडे या दृष्टीने पाहण्याची गरज त्याला वाटत नाही. वस्तुतः स्वभाव घडतो तो या लहान व्यवहारांतूनच. उपाहारगृहात जेवण झाल्यावर वाढप्यासाठी बशीत ठेवावयाची बक्षिसी हा असाच एक लहान व्यवहार होय. तीत रक्कम थोडी असते. पण देणारा, घेणारा आणि दोघांच्याही मागे उभा असलेला मालक, या तिघांच्याही मनाची परीक्षा त्या थोड्या रकमेत होऊन जाते.

इंदूर येथील एका निवृत्त शिक्षकांच्या घरची ही हकिगत आहे. पत्नीला पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली म्हणून मुलाने सर्व कुटुंबाला एका चांगल्या हॉटेलात जेवावयास नेले. वाढणारा मुलगा वीस-बावीस वर्षांचा असेल. आजींना पोळी चावत नाही हे त्याच्या ध्यानात आले आणि कोणी न सांगता त्याने पोळी दुधात भिजवून वाटीतून आणून दिली. पिण्याचे पाणीही कोमट करून आणले. शेवटी बडीशेपेच्या बशीबरोबर बिल आले. जेवणाचे २,४०० रुपये, त्याखाली शेकडा दहाप्रमाणे सेवाशुल्क २४० रुपये, आणि या दोहोंच्या बेरजेवर शेकडा पाच दराने वस्तू व सेवा कर १३२ रुपये. एकूण २,७७२ रुपये. मुलगा सुशिक्षित आणि कायदा जाणणारा होता. त्याने मॅनेजरला बोलावून घेतले व सेवाशुल्क देणे ऐच्छिक असून ते बिलात परस्पर लावता येत नाही, हे शांतपणे सांगितले. मॅनेजरने वाद घातला नाही. २,५२० रुपयांचे नवे बिल आले. मुलाने मोबाइलवरून नेमकी तेवढीच रक्कम चुकती केली आणि मंडळी उठली. बशीत बडीशेपेखेरीज काही राहिले नाही.

घरी परतताना वृद्ध शिक्षक म्हणाले, "अडीचशे रुपये वाचवलेस, ते योग्यच केलेस. पण त्या पोराला काय दिलेस?"

"बाबा, त्याला पगार असतो ना."

"किती?"

मुलाला उत्तर देता आले नाही. वडिलांनाही ते ठाऊक नव्हते. ज्या माणसाने घरच्या नातवाप्रमाणे आपल्या वृद्ध पत्नीला जेवू घातले, तो किती रुपयांवर राबतो याची चौकशी करावी, असे त्यांच्याही मनात तोपर्यंत कधी आले नव्हते.

मुलगा कायद्याने चुकला नव्हता, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या. कोणत्याही हॉटेलने किंवा उपाहारगृहाने सेवाशुल्क बिलात आपोआप लावू नये, दुसरे नाव देऊन ते वसूल करू नये, देण्याची सक्ती करू नये आणि ते न देणाऱ्याला प्रवेश वा सेवा नाकारू नये, असे त्यांत सांगितले आहे. उपाहारगृहचालकांच्या दोन देशव्यापी संघटना याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. त्याच महिन्यात सूचनांना स्थगिती मिळाली. परंतु २८ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने त्या सूचना वैध ठरविल्या आणि दोन्ही संघटनांना प्रत्येकी एक लाख रुपये खर्च भरण्यास सांगितले. पाहुण्याने संतुष्ट होऊन स्वेच्छेने काही द्यावयाचे ठरविले तर त्यास मात्र न्यायालयाने मनाई केलेली नाही. संघटनांनी या निर्णयावर अपील केले.

कायद्याचे म्हणणे थोडक्यात असे की, बक्षिसी ही इच्छेची गोष्ट आहे, तिचे शुल्क होऊ शकत नाही. हे म्हणणे बरोबर आहे. पण एवढ्याने धर्माचा प्रश्न सुटत नाही. किंबहुना तो येथूनच सुरू होतो. देणे इच्छेवर आहे असे म्हटले म्हणजे ती इच्छा कोणत्या जातीची, हे पाहावे लागते.

श्रीमद्भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत, ते गीतेच्या नित्य वाचकांस विदित आहेतच. देणे हे कर्तव्य आहे एवढ्याच भावनेने, ज्याच्याकडून परतफेडीची अपेक्षा नाही अशास, योग्य स्थळी, योग्य काळी व पात्र पाहून जे दिले जाते ते सात्त्विक. परतफेड व्हावी म्हणून, फळावर दृष्टी ठेवून, किंवा मनात कुढत जे दिले जाते ते राजस. आणि अस्थानी, अकाली, अपात्री, आदर न राखता, तुच्छतेने जे फेकले जाते ते तामस. या मापाने बक्षिसी मोजू लागले की मोठी गंमत दिसते. ओळखीच्या हॉटेलात नेहमीच्या वेटरला मनुष्य भरपूर बक्षिसी देतो, कारण पुढच्या खेपेला खिडकीजवळची जागा आणि आधी वाढलेले गरम ताट त्याला हवे असते. ही राजस. मित्रमंडळी सोबत आहेत, ती पाहत आहेत, म्हणून पाचशेची नोट दोन बोटांत धरून पुढे केली जाते. हीसुद्धा राजस, आणि नोट देताना वेटरच्या तोंडाकडे पाहण्याचीही तसदी घेतली नाही तर तामसच. पण लांबच्या प्रवासात, जेथे पुन्हा कधी पाय पडणार नाही अशा गावी, कोणी एकटा प्रवासी जेवणानंतर दहा-वीस रुपये बशीत ठेवून निघून जातो. पाश्चात्य अर्थशास्त्रज्ञांना हा प्रवासी एक कोडे वाटत आला आहे. ज्याचा पुढे काही लाभ नाही असे पैसे शहाणा मनुष्य का देतो, याची उपपत्ती ते शोधत असतात. गीतेच्या वाचकाला यात कोडे नाही. परतफेडीची वाट जेथे मुळातच बंद आहे, तेथेच देणे अधिक शुद्ध होण्याचा संभव असतो.

इतके सोपे उत्तर हाती आले म्हणजे येथेच थांबण्याचा मोह होतो. पण एक अडचण आहे. वाढणारा हा दानाचे पात्र आहे काय? त्याने आधी सेवा केली आहे. जेवण ताटात आले, पाणी आले, उष्टे उचलले गेले, त्यानंतर त्याच्या हातावर पैसे पडत आहेत. जो आधी घेतो आणि मग देतो, त्याच्या देण्याला दान म्हणावे कसे? मराठी भाषेने येथे एक सुंदर सोय करून ठेवली आहे. 'देणे' म्हणजे दान करणेही आणि 'देणे' म्हणजे ऋणही. देणेकऱ्याने देणे फेडले तर त्याला कोणी दाता म्हणत नाही. वाढप्याला मिळणारा पैसा जर त्याच्या श्रमाचे मोल असेल तर तो कोणाच्या औदार्यावर अवलंबून असता कामा नये. आणि तो जर खरोखरच औदार्याचा असेल तर त्यावाचून त्याच्या घरची चूल अडता कामा नये.

जुन्या गावगाड्यात हा भेद नीट ठाऊक होता. सुताराला, लोहाराला, कुंभाराला, न्हाव्याला खळ्यावर धान्य मिळे, ते बलुते. ते मागताना बलुतेदार हात पसरीत नसे. तो आपला वाटा घेण्यास येई आणि तो कमी पडला तर चारचौघांत तक्रारही करी. याच्या जोडीला सणावारी, लग्नकार्यात, दिवाळीला वेगळे काही मिळे, ती खुशी. शहरात आजही दिवाळीची पोस्त याच जातीची आहे. घरकाम करणाऱ्या बाईंना वर्षभराचा पगार महिन्याच्या महिन्याला मिळतो आणि पोस्त त्यावर. जी गृहिणी पोस्त देते म्हणून कार्तिकाचा पगार कापील तिला शेजारीपाजारी नावे ठेवतील. गावगाड्याची थोरवी येथे सांगावयाची नाही. त्यात जन्मावरून कामे वाटली गेली होती आणि कित्येकांच्या वाट्याला हक्काच्या नावाखाली अपमानच येई. परंतु हक्क कोणता व खुशी कोणती, या दोन गोष्टींची गल्लत त्या व्यवस्थेतही सहसा होत नव्हती.

त्याहून मागे गेले तर कौटिल्याच्या अर्थशास्त्रात एक नियम आढळतो. वेतन आधी ठरविलेले नसेल तर शेतीवर राबणाऱ्याला पिकाचा, गुराख्याला तुपाचा आणि व्यापाऱ्याच्या माणसाला विक्रीच्या मालाचा दहावा भाग मिळावा, असे तो सांगतो. याज्ञवल्क्यस्मृतीतही याच अर्थाचा नियम आहे. हॉटेलांच्या बिलावरचा सेवाशुल्काचा आकडाही बहुधा शेकडा दहाच असतो, हा निव्वळ योगायोग. पण भेद लक्षात घेण्याजोगा आहे. कौटिल्याने तो दहावा भाग मालकाच्या मिळकतीतून काढावयास सांगितला होता. आजचा मालक तो पाहुण्याच्या खिशातून काढू पाहतो.

बक्षिसीच्या प्रश्नाचे मर्म येथे आहे. तीच रक्कम देणाऱ्याला दान वाटते, घेणाऱ्याला पगार वाटते आणि मालकाला बचत वाटते. एकाच नाण्याची ही तीन रूपे ज्या व्यवस्थेत एकत्र येतात तेथे देणाऱ्याचे औदार्य हळूहळू मालकाच्या कृपणतेला टेकू देऊ लागते. हे कसे घडत जाते, याचे सर्वांत मोठे उदाहरण अमेरिकेचे आहे. मुले-लेकी तिकडे असल्याने आज पुष्कळ भारतीय गृहस्थांना त्या देशाचा अनुभव येतो आणि तेथील हॉटेलात बिलाखाली मुलाने लिहिलेला बक्षिसीचा आकडा पाहून आईवडिलांचे डोळे विस्फारतात.

ही चाल मूळची अमेरिकेची नव्हे. अठराव्या शतकातील इंग्लंडात एखाद्या श्रीमंताच्या घरी पाहुणा जेवावयास गेला की निघताना यजमानाचे नोकर ओळीने उभे राहत आणि प्रत्येकाच्या हातावर त्याला पैसे ठेवावे लागत. यजमानाच्या नोकरांना पाहुण्याने पोसावे, या विपरीत रूढीविरुद्ध जोनस हॅनवे या गृहस्थाने १७६० मध्ये लेखणी उचलली होती. एकोणिसाव्या शतकात ही रीत अमेरिकेत पोहोचली, तेव्हा तेथे तिचा तिरस्कारच झाला. स्वतंत्र देशाच्या नागरिकाने दुसऱ्यापुढे हात पसरावा, हे लोकशाहीला शोभत नाही, असे पुष्कळांचे म्हणणे होते. १९०९ मध्ये वॉशिंग्टन राज्याने बक्षिसी देणे-घेणे कायद्याने बंद केले. आणखी काही राज्यांनी तोच मार्ग धरला. १९२६ पर्यंत हे सारे कायदे रद्द झाले होते. रीत जिंकली, कारण तीत मालकांचा लाभ होता. यादवी युद्धानंतर दास्यातून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना पुलमन कंपनीने आगगाडीच्या शयनयानांत नोकर म्हणून घेतले आणि तुटपुंज्या पगारावर ठेवून उरलेले प्रवाशांकडून मिळवा, असे सांगितले. त्या नोकरांनी १९२५ मध्ये फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली संघटना बांधली आणि कंपनीने तिच्याशी करार करावयास १९३७ साल उजाडले.

पुढे १९६६ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानेच मालकाला मोकळीक दिली की, नोकराला मिळणारी बक्षिसी किमान वेतनाच्या काही भागापोटी धरावी. अशा नोकराला मालकाने स्वतः द्यावयाचा किमान दर १९९१ मध्ये ताशी २ डॉलर १३ सेंट ठरला, तो त्यानंतरच्या तीन दशकांहून अधिक काळात वाढला नाही. केंद्राचे सर्वसाधारण किमान वेतन २००९ पासून ताशी सव्वासात डॉलर आहे. बक्षिसी धरून तेवढे होत नसेल तर तूट मालकाने भरून द्यावी, असा नियम आहे. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांनी ही सवलत मालकांना मुळीच दिलेली नाही. परंतु जेथे ती आहे तेथे जेवणाऱ्याने बक्षिसी दिली नाही तर तो दान करण्याचे टाळतो असे होत नाही. तो दुसऱ्याचा पगार बुडवितो. आणि म्हणूनच तेथील बक्षिसी शेकड्याला दहा-पंधरावरून अठरा, वीस व त्यापुढेही चढत गेली आहे. आता तर नुसता चहाचा पेला हातात घेतला तरी दुकानदार एक स्क्रीन गिऱ्हाइकाकडे वळवितो. तिच्यावर तीन आकडे आधीच मांडून ठेवलेले असतात, समोर नोकर उभा असतो आणि मागे रांग. प्यू रिसर्च सेंटरने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत शंभरांतील ७२ प्रौढ अमेरिकनांनी, पाच वर्षांपूर्वीपेक्षा अधिक ठिकाणी बक्षिसीची अपेक्षा केली जाते, असे सांगितले. त्या स्क्रीनवर बोट ठेवणाऱ्याच्या मनात काय चालते? दया नाही, कृतज्ञता नाही. मागचा काय म्हणेल याची लाज आणि आतल्या आत चडफड. गीतेने राजस दानाच्या लक्षणात कुढत देणे का घातले असावे, ते तेथे पाच मिनिटे उभे राहिल्यास समजते.

कोणी म्हणेल की, जग काही अमेरिकेपुरते नाही. ते खरेच आहे. फ्रान्समध्ये सेवेचे मोल पदार्थाच्या किंमतीतच धरलेले असते. जपानात बक्षिसी देण्याची रीत नाही. टेबलावर राहिलेली नाणी विसरली असे समजून नोकर ती परत देण्यास धावतो. इंग्लंडने २०२३ मध्ये कायदा केला, तो १ ऑक्टोबर २०२४ पासून अमलात आला. त्याप्रमाणे बक्षिसीतील एक पैही मालकाला स्वतःकडे ठेवता येत नाही. हिंदुस्थानातही न्यायालयांनी या बाबतीत चांगला विवेक दाखविला आहे. जयपूरच्या एका हॉटेलातील कामगारांच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्येच सांगितले की, पाहुण्यांनी दिलेली बक्षिसी म्हणजे मालकाने दिलेले वेतन नव्हे. २०१६ मध्ये दुसऱ्या एका खटल्यात प्राप्तिकराच्या संदर्भात हाच मुद्दा आला. हॉटेलने बिलाबरोबर गोळा केलेली बक्षिसी नोकरांना वाटून दिली तर तो त्यांचा पगार ठरत नाही. तो पैसा हॉटेलकडे केवळ विश्वस्त म्हणून असतो, असा तो निर्णय आहे. 'विश्वस्त' हा शब्द ज्या देशात गांधीजींनी मालकवर्गापुढे आदर्श म्हणून ठेवला, त्या देशात तो हॉटेलच्या गल्ल्यालाही लागू व्हावा, हे उचितच झाले.

तथापि मालकांच्या बाजूने एक गोष्ट बोलली जाते, ती निव्वळ लबाडी म्हणून टाकून देता येत नाही. ते म्हणतात, बशीत ठेवलेले पैसे ज्याचा चेहरा दिसतो त्यालाच मिळतात. आत भट्टीपुढे उभा असलेला स्वयंपाकी, कांदे चिरणारा पोरगा, पहाटेपासून भांडी घासणारी बाई, यांना पाहुणा कधी पाहत नाही. सेवाशुल्क सर्वांत वाटले जाते, म्हणून तेच अधिक न्यायाचे. सर्व ठिकाणी ते असे खरोखर वाटले जाते की नाही, हा वेगळा विषय. पण म्हणण्यात तथ्य आहे. दृष्टीस पडेल त्याला द्यावे व आड असेल त्याला विसरावे, हा मनुष्याचा स्वभाव आहे. देवळातही पुजाऱ्याच्या ताटात नोट पडते आणि पहाटे अंगण झाडून गेलेला कोणाच्या ध्यानात नसतो. परंतु या म्हणण्यातून निघते ते एवढेच की, भांडी घासणाऱ्या बाईचे श्रम पदार्थाच्या किंमतीत धरले गेले पाहिजेत. थाळी २४० रुपयांना देता येत नसेल तर २६४ रुपयांना द्यावी आणि तसे फलकावर उघड लिहावे. जो खर्च स्वयंपाकाचा आहे तो किंमतीत न दाखविता बिलाच्या तळाशी सेवेच्या नावाने दाखविणे, यात सत्याला थोडी का होईना मुरड पडतेच.

मालकवर्गाकडून, आणि कधीकधी सुखवस्तू गिऱ्हाइकांकडूनही, आणखी एक युक्तिवाद केला जातो. तो गीतेच्या नावावर केला जात असल्यामुळे त्याची दखल घेतली पाहिजे. वाढणाऱ्याने आपले कर्म करावे, फळाची आशा धरू नये. बक्षिसीकडे डोळे लावून केलेली सेवा ही सेवाच नव्हे, असे ते म्हणतात. हा उपदेश ऐकावयास गोड आहे, पण तो सांगणाऱ्याच्या तोंडी शोभत नाही. फलाशा सोडण्याची शिकवण ज्याची त्याने स्वतःला लावून घ्यावयाची असते. ती दुसऱ्याचे फळ अडकवून ठेवण्याचा परवाना नव्हे. तिसऱ्या अध्यायात तर याच्या नेमकी उलट बाजूही भगवंतांनी सांगितली आहे. ज्यांच्याकडून मिळाले त्यांना त्यांचा भाग न देता जो एकटाच भोगतो, त्याला तेथे चोर म्हटले आहे. नोकराला निष्कामतेचा पाठ देण्याआधी मालकाने आणि गिऱ्हाइकाने तो श्लोक स्वतःपुरता वाचून पाहावा. अमृतसरच्या लंगरात किंवा शेगावच्या गजानन महाराज संस्थानात जे सेवेकरी वाढतात ते विनामूल्य वाढतात; पण त्यांची उपजीविका दुसरीकडे चाललेली असते आणि ते आपण होऊन आलेले असतात. त्यांचे निष्कामत्व त्यांचे स्वतःचे आहे. आठ हजारांवर किंवा दहा हजारांवर बारा-बारा तास उभ्या राहणाऱ्या पोराला तोच दाखला देणे हे निर्दयपणाचे आहे.

या प्रकरणात घेणाऱ्याच्या मनाचेही नुकसान होते, त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ज्याची मिळकत पाहुण्याच्या लहरीवर अवलंबून असते तो दारातून आत येणाऱ्याचे आधी जोडे पाहतो. मोटारीतून उतरलेल्या कुटुंबापुढे तो लवून उभा राहतो आणि खेड्यातून दवाखान्याच्या कामासाठी आलेल्या, एकच थाळी दोघांत मागविणाऱ्या म्हाताऱ्याला ओल्या फडक्याने पुसलेले कोपऱ्यातले टेबल दाखवितो. तो मुळात वाईट नसतो. माणसाची किंमत कपड्यांवरून ठरविण्यास त्याला रोज शिकविले जात असते. सर्वांभूती समदृष्टी ठेवावी म्हणून ज्या देशात इतके सांगितले गेले, त्या देशातील एका तरुणाला विषमदृष्टी हे पोट भरण्याचे साधन करून दिले जाते. यात त्याच्यापेक्षा इतरांचा दोष अधिक आहे.

अलीकडे तर सेवा होण्याच्या आधीच बक्षिसी मागण्याची युक्ती निघाली आहे. भाड्याची मोटार मोबाइलवरून बोलाविताना, चालक लवकर मिळावा म्हणून आगाऊ अधिक रक्कम कबूल करा, असे सुचविले जाऊ लागले. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने याबद्दल एका मोठ्या कंपनीला नोटीस दिली. इंग्रजीतील टिप हा शब्द तत्परतेची हमी मिळविण्यासाठी, अशा अर्थाच्या तीन इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून आला, अशी एक कथा सांगतात. भाषाशास्त्राच्या दृष्टीने ती खोटी आहे. पण आगाऊ बक्षिसीने ती खरी करून दाखविली, असे म्हणावे लागते. कृतज्ञता ही कृतीनंतरच संभवते. कृतीआधी दिले जाते त्याला व्यवहारात दुसरे नाव आहे आणि सरकारी कचेरीत ते घेतल्यास शिक्षा होते.

याच्या उलट टोकाला दुसरे एक स्थित्यंतर घडत आहे. २०१६ मध्ये यूपीआय आले आणि पाहता पाहता चहाच्या टपरीपर्यंत पोहोचले. पूर्वी बिलाचे पैसे दिले की बडीशेपेच्या बशीत मोड परत येई. त्यातले काही उचलावे, काही ठेवावे, ही हाताला सवय होती. आता मोड येतच नाही. रक्कम पैशापर्यंत नेमकी जाते. मनुष्य कंजूष झाला असे नाही. देण्याचे निमित्तच बशीतून नाहीसे झाले. ज्यांना द्यावेसे वाटते त्यांनी दहा-वीसच्या चार नोटा खिशात मुद्दाम ठेवाव्यात, एवढे तरी सहज होण्याजोगे आहे. मात्र अशा नोटांनी हॉटेलातील वेतनाचा प्रश्न सुटेल, या भ्रमात कोणी राहू नये.

तो प्रश्न निराळ्या वाटेने सोडविण्याचे प्रयत्न या देशात झालेले आहेत. १९५७ मध्ये कॉफी बोर्डाने आपली कॉफीगृहे बंद करावयास घेतली तेव्हा निघालेल्या कामगारांनी ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने सहकारी संस्था स्थापन केल्या आणि इंडियन कॉफी हाऊस स्वतः चालविले. तेथे तुरेवाला फेटा बांधून कॉफी आणून देणारा मनुष्य त्या संस्थेचा सभासद असतो. त्याला कोणी बक्षिसी दिली तर ती तो घेईलही. पण त्याच्या घरची चूल तिच्यावर पेटत नाही, आणि म्हणून तिथे ती निखळ खुशीची असू शकते.

इंदूरच्या त्या शिक्षकांना मात्र हा सगळा विचार करावयास वेळ लागला नाही, 'किती?' हा स्वतःचाच प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. चार दिवसांनी ते पाकिटात अडीचशे रुपये घालून एकटेच त्या हॉटेलात गेले आणि चहा मागविला. मुलाने त्यांना ओळखले. आजींची प्रकृती कशी आहे, असे प्रथम विचारले. त्यांनी पाकीट पुढे केले आणि हळूच पगार विचारला. मुलाने गल्ल्याकडे एकवार पाहून खालच्या आवाजात आकडा सांगितला. मग तो म्हणाला की, सेवाशुल्काचे पैसे महिनाअखेर वाटले जातात, त्यातून आत भांडी घासणाऱ्या मावशींनाही थोडे मिळते. टेबलावरचे मात्र त्यांना कधीच मिळत नाही. एवढे बोलून तो पाकीट घेऊन आत गेला. परत आला तेव्हा पाकिटात शंभरच रुपये होते आणि ते त्याने सदऱ्याच्या खिशात ठेवले.

वृद्ध शिक्षक बराच वेळ चहा न पिता बसून राहिले. बिल आले. त्यावर सेवाशुल्काची ओळ होतीच. त्यांनी मॅनेजरला बोलावले, पण ती ओळ खोडण्याविषयी ते काही बोलले नाहीत. या ओळीतील पैशांपैकी भांडी घासणाऱ्या बाईंपर्यंत किती पोहोचतात, एवढेच त्यांनी विचारले. मॅनेजर म्हणाला, ते मालकांना ठाऊक, आणि मालक सायंकाळी सातनंतर येतात.

"मग मी सातला येतो," असे म्हणून ते उठले.